आखाजीची खरेदी आणि कार्डाचा लगाम : एका क्रेडिट कार्डाचे परीक्षण

ज्या क्रेडिट कार्डाविषयी हे परीक्षण आहे ते मी नोव्हेंबर २०२३ मध्ये, दिवाळीच्या आठवड्यात, जळगावातील एका दुकानाच्या दाराशी टेबल मांडून बसलेल्या बँक प्रतिनिधीकडून घेतले. कार्ड एका खासगी बँकेचे आहे. बँकेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण येथे सांगितलेल्या बहुतेक गोष्टी, बऱ्या आणि वाईट दोन्ही, थोड्याफार फरकाने इतर बँकांच्या कार्डांनाही लागू पडतात. वार्षिक शुल्क ४९९ रुपये अधिक जीएसटी, वर्षात एक लाखाची खरेदी झाल्यास ते माफ, दर शंभर रुपयांमागे एक गुण, एका गुणाची किंमत २५ पैसे आणि मंजूर मर्यादा दीड लाख रुपये, असा हा साधा करार होता. मी अमळनेर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. घरची शेती कापसाची आहे, म्हणजे शेतीचा पैसा दिवाळीनंतर येतो आणि उन्हाळा येईपर्यंत बराचसा संपलेला असतो. ही माहिती देण्याचे कारण असे की, कार्ड चांगले की वाईट हे पुष्कळसे घरात पैसा कोणत्या महिन्यात येतो यावर ठरते, आणि जाहिरातींत त्याचा उल्लेखही नसतो.

कार्ड घरी आले तेव्हा सासूबाईंनी ते उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, “हाई काय शे वं? सोसायटीनं कार्ड शे का?” म्हणजे हे पीककर्ज देणाऱ्या गावच्या सहकारी सोसायटीचे कार्ड आहे का, असे त्यांना विचारायचे होते. त्यांची शंका रास्त होती. आमच्या भागात क्रेडिट कार्ड म्हटले की १९९८ पासून सुरू असलेले किसान क्रेडिट कार्डच डोळ्यांपुढे येते. त्या कार्डावरील पीककर्जाचा दर सात टक्के, वेळेवर फेडल्यास केंद्राची तीन टक्के सवलत आणि महाराष्ट्रात तीन लाखांपर्यंतचे कर्ज मुदतीत फेडणाऱ्याला राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे प्रत्यक्षात शून्य टक्के, हा हिशेब शेतकऱ्याच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ असतो. मी त्यांना समजावले की हे कार्ड सोसायटीचे नाही. याने दुकानात खरेदी करायची आणि पैसे नंतर द्यायचे. त्यावर त्यांचा पुढचा प्रश्न असा होता : “मंग पैसा कोन भरस?” त्या दिवशी मी हसले होते.

कार्डाची नेहमीची कामे बँकेने चोख केली आहेत, ते आधी सांगून टाकते. कार्ड सहा दिवसांत टपालाने अमळनेरला आले. प्रत्येक व्यवहाराचा संदेश लगेच येतो. एका ऑनलाइन दुकानाने दोनदा पैसे कापले होते, ती जास्तीची रक्कम तक्रारीनंतर अकरा दिवसांत परत जमा झाली. रेल्वेचे तिकीट, गॅस, विजेचे बिल, मुलीच्या परीक्षेचे शुल्क यांसाठी कार्ड विनातक्रार चालते. जळगावच्या सराफ बाजारात मात्र एका पेढीवर कार्डाने पैसे देते म्हणताच दोन टक्के जादा मागितले गेले आणि मी रोखीनेच व्यवहार केला.

आता मुख्य मुद्दा. प्रतिनिधीने ‘पन्नास दिवस बिनव्याजी’ असे सांगितले होते आणि ते खोटे नव्हते, मात्र त्यातली मेख समजायला मला सहा महिने आणि तीन हजारांहून अधिक रुपये लागले. माझे बिल दर महिन्याच्या १४ तारखेला निघत असे आणि पैसे भरण्याची अंतिम तारीख पुढच्या महिन्याच्या ३ तारखेला, म्हणजे वीस दिवसांनी येत असे. त्यामुळे १५ तारखेला केलेल्या खरेदीला जवळजवळ पन्नास दिवस मिळत, तर १३ तारखेला केलेल्या खरेदीला फक्त एकवीस. ही सवलत एकाच अटीवर टिकते : बिलातली एकूण देय रक्कम, एक रुपयाही न ठेवता, अंतिम तारखेपर्यंत भरली गेली पाहिजे. थोडीशी जरी राहिली, तरी व्याज राहिलेल्या रकमेवर अंतिम तारखेपासून लागत नाही. ते प्रत्येक खरेदीच्या दिवसापासून मोजले जाते, आणि जोवर बाकी शिल्लक आहे तोवर नव्या खरेदीलाही एका दिवसाची सवलत मिळत नाही. माझ्या कार्डाचा दर महिन्याला ३.६ टक्के आहे, म्हणजे वर्षाला ४३.२ टक्के. मी आठवीच्या वर्गाला चक्रवाढव्याज शिकवते. पुस्तकातल्या उदाहरणांतले दर आठ-दहा टक्क्यांच्या आसपास असतात आणि ‘महिन्याला ३.६’ हा आकडा वाचताना माझ्याही मनाने त्याला त्याच रांगेत बसवले, हे मान्य करायला हवे. कार्डाच्या व्याजाला सरकारी कमाल मर्यादाही नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये तीस टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती, पण सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, २०२४ मध्ये १० मे रोजी होती. खानदेशात या सणाला लेकी माहेरी येतात हे वेगळे सांगायला नको. दोन्ही नणंदा मुलांसह येणार, पारा ४४ अंशांवर आणि घरातला जुना फ्रीज बंद पडलेला, अशा स्थितीत मी ४ मे रोजी २४,९९० रुपयांचा फ्रीज कार्डावर घेतला. त्यानंतर साड्या, मुलांचे कपडे, आंबे, किराणा असे १३,४७० रुपये चार-पाच दिवसांत गेले. या दुसऱ्या आकड्याकडे पाहिले की मला आजही नवल वाटते, कारण हीच खरेदी आदल्या वर्षी रोख पैशांत आठ हजारांच्या आत झाली होती. भाव तेवढे वाढले नव्हते. रोख पैसे असले की पाकीट पातळ होताना दिसते, तिसऱ्या दुकानात हात आपोआप आखडतो. कार्ड मात्र पहिल्या दुकानात जेवढे असते तेवढेच पाचव्या दुकानातही असते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत प्रेलेक आणि सिमेस्टर या संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, खेळाच्या सामन्याच्या तिकिटांचा लिलाव करताना कार्डाने पैसे देणाऱ्यांनी रोखीवाल्यांच्या जवळपास दुप्पट बोली लावली होती. माझे प्रमाण त्याहून फार वेगळे निघाले नाही.

बिल आले ३८,४६० रुपयांचे आणि त्याखाली ठळक अक्षरांत किमान देय रक्कम १,९२३ रुपये. आमच्या शाळेचा पगार पाच ते आठ तारखेच्या दरम्यान जमा होतो आणि अंतिम तारीख होती ३ जून. खात्यात होते तेवढ्यातून मी पाच हजार भरले आणि किमान रकमेच्या अडीचपटीहून अधिक भरले म्हणून स्वतःवर खूशही झाले. १० जूनला शाळा उघडण्याआधीची वह्या-गणवेशांची ९,२०० रुपयांची खरेदी त्याच कार्डावर केली. १४ जूनच्या बिलात व्याज १,७८१ रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटी ३२१ रुपये आणि एकूण देय रक्कम ४४,७६२ रुपये होती. म्हणजे भरलेल्या पाच हजारांपैकी दोन हजार एकशे रुपये व्याज आणि कर यांतच गेले होते, वह्या-गणवेशांनाही खरेदीच्या दिवसापासून व्याज लागले होते, आणि कर्ज कमी होण्याऐवजी सहा हजार तीनशेंनी वाढले होते. मी शाळेतल्या भिशीचा माझा नंबर एका सहकारी बाईंशी बदलून पुढे घेतला, त्याचे चाळीस हजार आणि पगारातले ४,७६२ रुपये असे करून ३ जुलैला सगळे भरून टाकले. तरीही पुढच्या बिलात ९५९ रुपये व्याज आणि १७३ रुपये कर आला. मी रागाने फोन केला, तेव्हा कळले की १४ जून ते ३ जुलै या एकोणीस दिवसांचे व्याज आधीच्या बिलात धरलेले नसते. ते असे शेपटासारखे मागून येते. हिशेब बरोबर होता, मी ताडून पाहिला. एकूण ३,२३४ रुपये गेले. त्या ३८,४६० रुपयांच्या खरेदीवर मला ३८४ गुण मिळाले होते, त्यांची किंमत ९६ रुपये.

आमच्याकडे सोसायटीच्या कर्जाचे ‘नवं-जुनं’ करण्याची जुनी रीत आहे. मार्चअखेर जवळ आली की हातात पैसा नसलेला शेतकरी एखाद्या सावकाराकडून आठ-दहा दिवसांसाठी रक्कम उचलतो, सोसायटीत भरतो, कागदोपत्री जुने कर्ज फिटते, नवे मंजूर होते, आणि त्यातून सावकाराचे पैसे व्याजासह परत जातात. शेवटी कर्ज जेवढ्यास तेवढेच राहते, सावकाराचे व्याज तेवढे खिशातून जाते, आणि तरीही वहीवर तो माणूस वेळेवर फेडणारा दिसतो. किमान देय रक्कम भरणे हे घरबसल्या केलेले नवं-जुनंच आहे. त्यातही बँक आणि सावकार एकच आहेत, आणि ते वर्षातून एकदा होत नाही तर दर महिन्याला होते. एका कार्डाचे बिल दुसऱ्या कार्डातून फेडणाऱ्यांची गोष्ट याहून वेगळी नाही. किमान रक्कम भरल्याने विलंब आकार टळतो आणि पतनोंदीत थकबाकी दिसत नाही, एवढाच तिचा उपयोग आहे. व्याज तिने टळत नाही. बिलावर ही गोष्ट लिहिलेली असते, पण दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरांत आणि इंग्रजीत.

ऑगस्ट २०२४ मध्ये, म्हणजे हे प्रकरण मिटून महिना होतो न होतो तोच, ॲपमध्ये सूचना आली : ‘अभिनंदन, आपली मर्यादा २,४०,००० रुपये होऊ शकते.’ या परीक्षणात मी बँकेचे सगळ्यांत जास्त गुण येथे कापते. आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराची उधारी दोन महिने तुंबली की तो तिसऱ्या महिन्यात साखरेची पुडी बांधताना हळूच आठवण करतो आणि तेल देताना हात आखडता घेतो, कारण त्याला आमची ऐपत ठाऊक असते आणि बुडाले तर त्याचेच बुडणार असतात. बँकेने नेमके उलटे केले. ज्या दोन महिन्यांत मी चुकले, तेच तिला माझ्या लायकीचे प्रमाणपत्र वाटले असावे. एक बरे की रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय मर्यादा वाढवता येत नाही. त्यामुळे मी काही न करणे एवढेच पुरेसे होते.

यानंतर मी कार्ड मोडून टाकले नाही, तर त्याला लगाम घालता येतो का ते तपासले. येथे हे कार्ड मला अनपेक्षितपणे चांगले वाटले, म्हणून हा भाग थोडा विस्ताराने लिहिते.

पहिली गोष्ट स्वयंचलित भरण्याची. ॲपमध्ये बचत खात्यातून बिल आपोआप भरण्याची सोय आहे, पण तो पर्याय उघडला की ‘किमान देय रक्कम’ आधीच निवडलेली असते. ती बदलून ‘एकूण देय रक्कम’ करावी लागते. हा एका स्पर्शाचा बदल आहे आणि माझ्या मते संपूर्ण ॲपमधला सर्वांत मोलाचा आहे, कारण त्यानंतर प्रत्येक खरेदीच्या वेळी मनात कार्डाची मर्यादा येत नाही, बचत खात्यातली शिल्लक येते.

दुसरी गोष्ट बिलाच्या तारखेची. पगार आठ तारखेपर्यंत आणि अंतिम तारीख तीन, हे गणित कधीच जुळणारे नव्हते. रिझर्व्ह बँकेने कार्डधारकाला बिलाचे चक्र किमान एकदा बदलून घेण्याचा पर्याय दिला आहे. ग्राहक सेवेतील पहिल्या व्यक्तीने ‘अशी सोय नाही’ असे ठामपणे सांगितले, दुसऱ्या व्यक्तीने ‘नवे कार्ड घ्यावे लागेल’ असे सांगितले. मग मी निर्देशांचा उल्लेख करून ईमेल पाठवला आणि पाचव्या दिवशी, कोणतेही स्पष्टीकरण न देता, तारीख बदलून मिळाली. आता बिल २२ तारखेला निघते आणि अंतिम तारीख १२ च्या आसपास येते. ज्यांचा पगार अधूनमधून लांबतो त्यांच्यासाठी आणखी एक नियम माहीत असणे उपयोगाचे आहे : अंतिम तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा अधिक उशीर झाल्याशिवाय बँक विलंब आकार लावू शकत नाही आणि कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांकडे थकबाकी कळवूही शकत नाही. व्याजाची गोष्ट मात्र निराळी. तिला हे तीन दिवस लागू नाहीत.

तिसरी गोष्ट मर्यादेची, आणि येथे दोन मर्यादा वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. एक बँक मंजूर करते ती, दुसरी आपण ठरवतो ती. मंजूर मर्यादा वाढवण्याचे बटण ॲपच्या पहिल्याच पानावर लाल रंगात आहे. कमी करण्याचे बटण कुठेच नाही, त्यासाठी फोन करून पंधरा मिनिटे ‘पण मॅडम, का?’ या प्रश्नाला उत्तरे द्यावी लागतात. मर्यादा किती ठेवावी याचा विचार करताना एक गोष्ट आडवी येते. ३०० ते ९०० या पट्टीवर मोजल्या जाणाऱ्या सिबिल गुणांकात मर्यादेच्या किती टक्के रक्कम वापरली जाते हेही पाहिले जाते, आणि तीस टक्क्यांच्या आत राहावे असा सर्वसाधारण सल्ला दिला जातो. माझा महिन्याचा कार्डावरचा योग्य खर्च पंधरा ते अठरा हजार, त्यावरून मर्यादा साठ हजार असावी असे गणित मी मांडले आणि दीड लाखाचे साठ हजार करून घेतले. ज्यांना लवकरच घरासाठी कर्ज घ्यायचे आहे त्यांनी मात्र मंजूर मर्यादेला हात न लावता दुसऱ्या मर्यादेवर काम भागवावे.

ही दुसरी मर्यादा म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या परिपत्रकामुळे प्रत्येक कार्डाला आलेली सोय : दुकानातील मशीन, ऑनलाइन खरेदी, कार्ड नुसते टेकवून होणारे व्यवहार, परदेशी व्यवहार आणि एटीएम, यांतले प्रत्येक दार स्वतंत्रपणे उघडता किंवा बंद करता येते आणि प्रत्येकावर रकमेची मर्यादा घालता येते. मी दुकानासाठी आठ हजार आणि ऑनलाइनसाठी तीन हजार ठेवले, बाकी सर्व बंद केले. कार्ड टेकवून पाच हजारांपर्यंत पिन न विचारता पैसे जातात, ते दार तर सर्वांत आधी बंद केले. एटीएमचे दारही बंदच हवे, कारण या कार्डावर रोख रक्कम काढल्यास अडीच टक्के किंवा किमान पाचशे रुपये शुल्क पडते आणि व्याज पहिल्या दिवसापासून धावते. पन्नास दिवसांची सवलत रोखीला नसते. गेल्या वर्षभरात मला मर्यादा तात्पुरती वाढवण्याची गरज चार वेळा भासली. त्यासाठी ॲप उघडा, पिन टाका, चार पाने आत जा, आकडा बदला, ओटीपी द्या, असे करावे लागते. चारपैकी दोन वेळा मी तिसऱ्या पानावरूनच परत फिरले. एक मिक्सर आणि एक पैठणीसारखी दिसणारी साडी, अशा त्या दोन वस्तू होत्या आणि त्यांच्यावाचून अजून काही अडलेले नाही. या पडद्याची रचना इतकी किचकट कशी, असा प्रश्न मला पूर्वी पडला असता; आता ती तशीच राहावी असे वाटते.

ऑनलाइन दुकानांबाबत एक गैरसमज माझाही होता. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांना कार्डाचा क्रमांक साठवून ठेवता येत नाही, हे खरे. पण त्याऐवजी टोकन, म्हणजे खऱ्या क्रमांकाच्या जागी वापरला जाणारा सांकेतिक क्रमांक, साठवले जाते आणि खरेदीची सोय पूर्वीइतकीच सोपी राहते. ही टोकने बँकेच्या ॲपमध्ये एका यादीत दिसतात आणि तेथून पुसता येतात. माझ्या यादीत सात दुकाने होती, त्यांपैकी तिघांची नावे मला आठवतही नव्हती. त्याच्याच शेजारी दरमहा आपोआप जाणाऱ्या रकमांची यादी आहे. पंधरा हजारांपर्यंतची अशी रक्कम ओटीपीशिवाय जाऊ शकते, फक्त चोवीस तास आधी सूचना येते. त्या सूचना मी वर्षभर न वाचता पुसत होते, म्हणून कोणीही न पाहणाऱ्या एका मनोरंजन सेवेचे दरमहा १४९ रुपये जात राहिले.

यूपीआयशी जोडणीचा भाग मला सर्वांत घातक वाटला. सप्टेंबर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयशी जोडता येते आणि माझे कार्ड रुपेचेच आहे. ही रक्कम फक्त व्यापाऱ्याच्या क्यूआर कोडवर जाते, एखाद्या व्यक्तीच्या खात्यावर जात नाही. म्हणून सोमवारच्या बाजारात भाजीवाल्या मावशींच्या कोडवर ती चालत नाही, पण चहाच्या टपरीवर, औषधाच्या दुकानात, पेट्रोल पंपावर चालते. अडचण अशी की, तोच फोन, तोच पडदा, पिनही तसाच टाकायचा. बचत खात्यातून पैसे गेले की उधारीवर घेतले, हा फरक केवळ एका लहान ओळीत दिसतो. जोडणी केल्यानंतरच्या एका महिन्यात माझ्या बिलात एकसष्ट व्यवहार होते, त्यांतले निम्म्याहून अधिक शंभर रुपयांच्या आतले. एवढ्या नोंदी ताडून पाहणे मला जमले नाही आणि मी जोडणी काढून टाकली.

‘नो कॉस्ट ईएमआय’विषयीही थोडे. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये मुलासाठी १८,००० रुपयांचा मोबाइल पाहिला, सहा हप्ते तीन-तीन हजारांचे, व्याज शून्य असे सांगण्यात आले. कागद मागवून वाचला तेव्हा दिसले की सोळा टक्के व्याज आहेच, ते सुमारे ८११ रुपये होते आणि तेवढीच रक्कम आधी सूट म्हणून वजा केली जाते. मात्र त्या व्याजावरचा जीएसटी १४६ रुपये आणि प्रक्रिया शुल्क करासह २३५ रुपये ग्राहकालाच द्यावे लागतात. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वात नसते असे स्पष्ट केले होते. तीनशे ऐंशी रुपये ही फार मोठी रक्कम नाही, हे मी मानते. पण रोख दिले तर काय भाव, असे विचारल्यावर दुकानदाराने पाचशे रुपये कमी केले. म्हणजे शून्य टक्क्यांची खरी किंमत ८८१ रुपये निघाली.

वार्षिक शुल्काच्या माफीचा सापळा मला ऑक्टोबर २०२४ मध्ये कळला. वर्ष संपायला तीन आठवडे होते, माझी खरेदी ९२,४०० वर होती आणि ॲपवर हिरवी पट्टी सांगत होती की, केवळ ७,६०० रुपये आणखी खर्च करा आणि शुल्क वाचवा. मी दोन दिवस घरासाठी काय घ्यावे याची यादी करत होते. मग ती यादी वर्गातल्या फळ्यावर लिहिल्यासारखी डोळ्यांपुढे आली : ५८९ रुपये वाचवण्यासाठी ७,६०० रुपये. शुल्क भरून टाकले. या कार्डावर खर्च केलेल्या रकमांपैकी एवढ्या समाधानाने दिलेली दुसरी कोणतीही नाही.

हे कार्ड कोणी घ्यावे? ज्यांना महिन्याच्या महिन्याला ठरलेला पगार आहे, जे स्वयंचलित भरणा एकूण रकमेवर ठेवतील आणि पहिल्याच दिवशी वरील दारे बंद करतील, त्यांच्यासाठी ते उपयुक्त आहे. वर्षाला माझे गुण आणि सवलती मिळून हजार-बाराशे रुपयांचा लाभ होतो, त्याहून अधिक नाही. ज्यांचे उत्पन्न केळीच्या कापणीवर किंवा कापसाच्या वेचणीवर अवलंबून आहे, त्यांना मी ते सुचवणार नाही, मग मर्यादा कितीही मिळो. पीक हातात यायला सहा महिने लागतात आणि कार्ड एकवीस ते पन्नास दिवस थांबते. माझ्या दिरांनी माझे पाहून अर्ज करायचे ठरवले होते. बियाण्यांसाठी आणि खतांसाठी सोसायटीचेच कार्ड पुरे आहे, असे मी त्यांना सांगितले.

पाचपैकी गुण द्यायचे झाले तर व्यवहारांच्या सोयीला चार, नियंत्रणाच्या सोयींना साडेतीन, त्या सोयी ग्राहकाला कळवण्याच्या तळमळीला अर्धा. मराठीत बिल मिळावे म्हणून मी दोनदा विनंती केली आहे. उत्तर इंग्रजीत आले. वर्गातल्या मुलांसाठी मात्र त्या बिलाचा चांगला उपयोग झाला : नाव आणि क्रमांक झाकून मी ते फळ्यावर उतरवले आणि चक्रवाढव्याजाच्या धड्यानंतर त्यातले व्याज काढायला दिले. बेचाळीस मुलांपैकी नऊ जणांचे उत्तर रुपया-दोन रुपयांच्या फरकाने जुळले, आणि मागच्या बाकावरच्या एकाने विचारले की, बाई, हे बिल कोणाचे आहे?